शपथ, शिधा आणि हिशेब : गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची मदतकार्याची परंपरा

१२ जून १९०५. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या मागच्या टेकडीवर सकाळी चार माणसे उभी होती. त्यांतल्या एकाने आधी स्वतः सात कलमांची शपथ घेतली आणि मग ती उरलेल्या तिघांना दिली. शपथ देणारे होते गोपाळ कृष्ण गोखले आणि घेणारे नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, या चौघांनिशी सुरू झाला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. हे गाव आज गुहागर तालुक्यात येते. त्यांचे शिक्षण कागल, कोल्हापूर आणि मुंबईत झाले, कर्तृत्वाची भूमी पुणे ठरली, आणि पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलातल्या अंदाजपत्रकावरच्या भाषणांनी ते देशभर गाजले. रत्नागिरीकरांना गोखले ठाऊक असतात ते बहुधा याच रूपात: नेमस्त नेते, टिळकांचे प्रतिस्पर्धी, गांधीजींचे राजकीय गुरू. दुष्काळ, साथ, पूर आणि दंगल अशा वेळी धावून जाणाऱ्या माणसांची शिस्तबद्ध फळी त्यांनी उभी केली, ही बाजू मात्र मागे पडली. दर पावसाळ्यात स्वयंसेवकांची गरज भासणाऱ्या आपल्या जिल्ह्याने तिची आठवण ठेवायला हवी.

प्लेगच्या साथीने दिलेला धडा

या संस्थेचे मूळ शोधायचे तर १९०५ च्या आधी आठ वर्षे जावे लागते. १८९६ च्या अखेरीस प्लेग पुण्यात पोहोचला. पुढच्या वर्षी प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती आणि त्यांत शिपायांच्या गैरवर्तनाच्या कहाण्या होत्या. त्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तिथल्या वृत्तपत्रांत जाहीर आरोप केले. त्याच सुमारास, जून १८९७ मध्ये, रँडवर प्राणघातक गोळीबार झाला आणि वातावरण पालटले. धरपकड सुरू झाली, पुरावा द्यायला कोणी धजेना. मायदेशी परतलेल्या गोखल्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगायला नकार दिला आणि स्वतः जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भ्याड ठरवले, सरकारपक्षाने खोटारडे.

अशा मानहानीनंतर एखादा माणूस घराचे दार लावून बसला असता. एकतीस वर्षांचे प्राध्यापक गोखले प्लेगच्या पुढच्या लाटेत स्वयंसेवक म्हणून कामाला लागले. तपासणी पथकांबरोबर वस्त्यांत जाणे, घाबरलेल्या कुटुंबांची समजूत घालणे, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेताना मध्ये उभे राहणे, असे ते काम होते. त्यात लागणीची भीती होती, लोकांचा रोष होता आणि मानमरातब काहीच नव्हता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांच्या कामाची पुढे जाहीर प्रशंसा केली.

गोखल्यांनी पुढे जी संस्था काढली तिच्यावर या अनुभवाची छाप दिसते. ऐकीव माहितीवर बोलायचे नाही, आधी जाऊन पाहायचे, लिहून घ्यायचे, आकडे तपासायचे आणि मगच मदत मागायची किंवा वाटायची, हा शिरस्ता तिथे पडला. कळकळ हवीच, पण कळकळीला अभ्यासाची आणि शिस्तीची जोड नसेल तर नुकसान होते, हे त्यांना स्वतःच्या पोळलेल्या हाताने कळले होते.

पाच वर्षांची उमेदवारी

शपथेतली सात कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. देशाचा विचार सर्वांत आधी. सेवा करताना स्वतःचा लाभ पाहायचा नाही. जात किंवा धर्म न पाहता सर्व हिंदी लोकांना बंधू मानायचे. स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी संस्था जी तरतूद करील तिच्यात समाधान मानायचे आणि वेगळी कमाई करायची नाही. खासगी आयुष्य निर्मळ ठेवायचे. कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. आणि संस्थेच्या हेतूंना बाध येईल असे काही करायचे नाही.

शपथ घेतली की लगेच काम, असेही नव्हते. नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती. तिच्यात पुण्याच्या वास्तूत राहून इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, सरकारी अहवाल यांचे वाचन आणि मग देशाचा प्रवास. पदवीधर तरुणाला वकिलीत किंवा सरकारी नोकरीत सहज मिळाले असते त्याच्या तुलनेत इथले मानधन अगदी तुटपुंजे. त्यामुळे सदस्यसंख्या कधीच मोठी झाली नाही. मद्रास, मुंबई, नागपूर, अलाहाबाद अशा शाखा निघाल्या, तरी आजीव सदस्य मोजकेच राहिले.

मग एवढ्या थोड्या माणसांनी एवढी कामे कशी केली? याचे उत्तर त्यांच्याभोवती जमलेल्या स्वयंसेवकांत आहे. संस्थेचा एक सदस्य आपत्तीच्या गावी पोहोचायचा आणि तिथले शिक्षक, विद्यार्थी, वकील, दुकानदार यांना कामाला लावायचा. कोणी यादी करायचे, कोणी धान्य मोजायचे, कोणी रोग्यांची शुश्रूषा करायचे. सदस्यांची चरित्रे लिहिली गेली; या बाकीच्यांची नावे बहुतेक ठिकाणी कागदावरही आली नाहीत. संस्थेचा इतिहास सांगताना या माणसांना वगळले तर तो अर्धाच राहतो.

संस्थेचे मदतकार्य फार लवकर सुरू झाले. स्थापनेला दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच, १९०७-०८ मध्ये, संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, दुष्काळ पडला आणि देवधर तिकडे गेले. त्यानंतर दुष्काळ म्हटले की देवधर, असे समीकरणच झाले.

हरिद्वारचे खड्डे, चंपारणची तीन औषधे

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. वय अवघे ४८. धुरा व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. त्याच वर्षी हरिद्वारला कुंभमेळा भरला आणि संस्थेने तिथे स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. पथकाचे प्रमुख पंडित हृदयनाथ कुंझरू जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. वैद्यकीय जबाबदारी डॉ. हरी श्रीकृष्ण देव यांच्याकडे होती. दक्षिण आफ्रिकेतून नुकत्याच परतलेल्या गांधीजींना त्यांच्या फिनिक्स आश्रमातल्या मंडळींसह मदतीला बोलावण्यात आले.

तिथे काय घडले ते गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे. लाखो यात्रेकरूंच्या गर्दीत सर्वांत बिकट प्रश्न होता मैल्याचा. डॉ. देवांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले होते. ते साफ ठेवायला पगारी माणसांवर अवलंबून राहणे भाग होते. फिनिक्सच्या मंडळींनी ते काम स्वतःकडे मागून घेतले. मैल्यावर माती टाकायची आणि खड्ड्यांची स्वच्छता राखायची. डॉ. देवांनी आनंदाने होकार दिला. पुढारी, पंडित, साधुसंत यांच्या त्या मेळ्यात पटकी पसरू नये म्हणून हातात फावडे घेऊन मातीचे थर देणारी ही माणसे कोणाच्या नजरेत भरणार? पण साथ रोखायची तर त्या वेळी हेच काम पहिले होते.

गांधीजींना या संस्थेत सदस्य म्हणून यायची इच्छा होती. मतभेदांमुळे ते जमले नाही, आणि संस्थेतल्या मंडळींना पेचात टाकायला नको म्हणून त्यांनीच आपला अर्ज मागे घेतला. स्नेह मात्र टिकला. १९१७ मध्ये चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध लढताना त्यांना गावांची अवस्था दिसली, तेव्हा त्यांनी भारत सेवक समाजाकडे डॉक्टर मागितला. संस्थेने डॉ. देवांना सहा महिन्यांसाठी दिले.

चंपारणातली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. खेड्यांत शाळा काढल्या होत्या आणि तिथे शिकवणाऱ्या स्वयंसेवकांकडेच औषधेही होती. औषधे तीनच: एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी दिसली किंवा पोट साफ नसले तर एरंडेल. ताप असेल तर आधी एरंडेल, मग क्विनाइन. खरूज किंवा फोड असतील तर जागा नीट धुऊन मलम. औषध घरी न्यायला द्यायचे नाही, समोरच घ्यायला लावायचे. यापलीकडचे काही दिसले की डॉ. देवांना दाखवायचे. ते ठरल्या दिवशी प्रत्येक केंद्रावर येत. वैद्यकाचा गंधही नसलेल्या माणसाला चूक करता येऊ नये, इतके सोपे नियम डॉक्टरांनी आखून दिले होते. आज प्रथमोपचाराच्या वर्गात जे तत्त्व शिकवतात ते यापेक्षा वेगळे नाही: जेवढे येते तेवढेच करा, पुढचे जाणकाराकडे सोपवा.

या स्वयंसेवकांत महाराष्ट्रातल्या स्त्रिया होत्या, हे आवर्जून सांगायला हवे. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव गेले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. तिथली भाषा येत नसताना शिकवायचे कसे, हा प्रश्न होताच. गांधीजींचे म्हणणे असे की व्याकरण आणि आकडेमोड नंतर. आधी मुलांना स्वच्छता आणि रीतभात शिकवा. डॉ. देव आणि त्यांच्या सोबत्यांनी विहिरी उपसल्या, रस्ते झाडले, डबकी बुजवली. काही गावांत लोक त्यांच्याबरोबर कामाला आले, काही गावांत लांबून पाहत राहिले. स्वयंसेवकांनी दोन्ही ठिकाणी काम केले.

देवधर आणि ठक्करबाप्पा

संस्थेच्या मदतकार्याचा कळस म्हणावा असा प्रसंग मलबारात आला. ऑगस्ट १९२१ मध्ये तिथे मोपल्यांचा, म्हणजे मलबारी मुसलमानांचा, उठाव सुरू झाला. लष्करी कारवाई, कत्तली, जाळपोळ यांत हजारो कुटुंबे घरे सोडून कालिकतकडे आली. देवधर तेव्हा पन्नाशीचे होते. ते कालिकतला गेले, मदत समितीच्या कामाला लागले, निर्वासितांच्या छावण्यांत धान्य, कपडे, औषधे पोहोचवण्याची घडी त्यांनी बसवली. शपथेतल्या तिसऱ्या कलमाची खरी कसोटी इथे होती. एका समाजाच्या निर्वासितांना मदत आणि दुसऱ्या समाजाच्या विधवा-मुलांकडे पाठ, असे त्यांनी होऊ दिले नाही.

छावण्या उठल्यावर देवधर परत आले आणि काम संपले, असे झाले नाही. १९२४ च्या महापुरात ते पुन्हा मलबारात होते. त्यांच्या नावाने तिथे पुनर्रचना न्यास उभा राहिला, शाळा निघाल्या. मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूर इथली शाळा आजही देवधरांचे नाव लावते. पुण्यातल्या या मराठी माणसाचे नाव त्याच्या स्वतःच्या शहरात आज किती जणांना ठाऊक असेल, सांगता येत नाही. केरळातल्या एका गावची मुले मात्र ते रोज दप्तरावर आणि वहीवर वागवतात.

पुण्यातही देवधरांनी एक काम उभे केले होते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्याबरोबर त्यांनी पुणे सेवासदन सुरू केले. तिथल्या मुलींना शिक्षणाबरोबर शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले, त्यासाठी त्या ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात, विशेषतः विधवांनी, परक्या रोग्यांची सेवा करायची ही कल्पनाच अनेकांना पचत नव्हती. मदतकार्यात प्रशिक्षित स्त्री दिसू लागली, त्यात सेवासदनाचा वाटा मोठा आहे.

दुसरे नाव अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजेच ठक्करबाप्पा, यांचे. जन्म भावनगरचा, इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याचे. युगांडा रेल्वेवर नोकरी, नंतर सांगली संस्थानात आणि मग मुंबई महापालिकेत. शहराचा कचरा कुर्ल्याला वाहून नेणाऱ्या रेल्वेचे काम त्यांच्याकडे होते. तिथे त्यांनी सफाई कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. १९१४ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीकडे झुकताना, त्यांनी पक्की नोकरी सोडली आणि भारत सेवक समाजाची शपथ घेतली.

ठक्करबाप्पांनी दुष्काळ निवारणाचे काम इंजिनिअरच्या शिस्तीने केले. १९२० मध्ये ते ओरिसात होते. त्यानंतर पंचमहालच्या दुष्काळात भिल्लांची दैना त्यांनी पाहिली आणि लक्षात आले की दोन महिने धान्य वाटून निघून जाण्याने काही होणार नाही. १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ निघाले ते त्यातून. आदिवासींसाठीच्या संघटित कामातला तो महत्त्वाचा टप्पा ठरला. बाप्पांची ख्याती हिशेबाच्या काटेकोरपणाबद्दल होती. देणगीची पै न पै कागदावर हवी आणि दौऱ्याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. सत्तरी ओलांडल्यावरही, १९४६ मध्ये, ते गांधीजींबरोबर दंगलग्रस्त नोआखालीत होते.

परळच्या चाळींतला कोकणी माणूस

संस्थेच्या कामाचा रत्नागिरीशी सर्वांत जवळचा संबंध आला तो मुंबईत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगारांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा गाववाले राहत आणि गावाकडे मनिऑर्डर पाठवत. नारायण मल्हार जोशी, मूळचे गोरेगावचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, १९०९ मध्ये भारत सेवक समाजात आले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या ही लीगची कामे. ती चालवली शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा स्वयंसेवकांनी. दिवसभराची नोकरी आटोपून ते संध्याकाळी चाळींत जात.

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा लीगचे हेच स्वयंसेवक चाळींतून औषधे घेऊन फिरले. कोणत्या खोलीत कोण राहते हे त्यांना आधीच माहीत होते, कारण रात्रशाळेमुळे त्यांची तिथे रोजची ये-जा होती. आपत्तीच्या दिवशी उपयोगी पडणारी ओळख अशी आधीच्या साध्या दिवसांत तयार झालेली असते. परळचे दामोदर नाट्यगृह लीगने १९२२ च्या सुमारास उभारले. कामगारांच्या नाटकांनी गाजलेली ती वास्तू कोकणी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिच्यामागे स्वयंसेवकांची ही संस्था आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

जगात याच काळात मदतकार्याला संघटित रूप येत होते. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमींचे हाल पाहून हेन्री ड्युनां हेलावला, त्यातून १८६३ मध्ये जिनेव्हात रेडक्रॉसचा पाया घातला गेला. भारतात रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्याने आली. १९६५ मध्ये रेडक्रॉसने आपली सात मूलतत्त्वे जाहीर केली. त्यांत निःपक्षपात आणि स्वयंसेवा ही दोन आहेत. गोखल्यांच्या शपथेतही सात कलमे आणि त्यांतही हीच दोन तत्त्वे, हा योगायोग असला तरी त्यामागचा अनुभव एकच आहे. संकटात सापडलेल्या माणसाला जात-धर्म विचारायचा नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला मागायचा नाही, या निष्कर्षावर दोघेही आपापल्या वाटेने आले.

स्वातंत्र्यानंतर दुष्काळ आणि पूर यांची जबाबदारी सरकारने घेतली. भारत सेवक समाजाचे काम शाळा, वसतिगृहे, आदिवासी भागातली केंद्रे यांत स्थिरावले. १९३० मध्ये पुण्याच्या आवारात सुरू झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था देशभर नावाजली. कुंझरूंनी १९३६ पासून १९७८ पर्यंत, मृत्यूपर्यंत, अध्यक्षपद सांभाळले. अलीकडे संस्थेचे नाव बातम्यांत आले ते कारभारावरच्या वादांमुळे. ज्या संस्थेत ठक्करबाप्पांसारखा माणूस पैचा हिशेब लिहीत होता, तिच्याबद्दल अशा बातम्या वाचताना खेद होतो. पण तिच्या पहिल्या पन्नास वर्षांच्या मदतकार्याचे मोल त्याने उणे होत नाही.

आपल्या जिल्ह्याचे हिशेब

आता रत्नागिरीकडे वळू. २००९ पासून या जिल्ह्याने काय काय पाहिले? ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आले आणि समुद्रात गेलेले कित्येक मच्छीमार परतले नाहीत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी खेड तालुक्यात पोसरे इथे दरड कोसळून सतरा जणांचा बळी गेला.

चिपळूणच्या पुराच्या दिवशी महामार्ग तुटला होता, कोकण रेल्वे थांबली होती, सुमारे सहा हजार प्रवासी ठिकठिकाणी अडकले होते. बाहेरची पथके पोहोचायला वेळ लागला. तोवर पहिली मदत केली ती शेजाऱ्यांनी. वरच्या मजल्यावर पाण्याच्या बाटल्या पोहोचवणारे, म्हाताऱ्यांना पाठीवर घेणारे, दोराला धरून उभे राहिलेले तरुण कोणत्या संस्थेचे होते? बहुतेक जण कोणत्याच नव्हते.

पाणी ओसरले आणि खरे काम सुरू झाले. दुकानांत, घरांत गुडघ्याएवढा गाळ. फावडी, घमेली, झाडू, बादल्या घेऊन ठाणे-मुंबईपासून माणसे आली. सडलेले धान्य बाहेर काढायचे, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर आणायच्या, मेलेली जनावरे उचलायची, ब्लीचिंग पावडर टाकायची. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके २००५ च्या पुरात गेली होती, तशी या पुरातही गेली. हरिद्वारला खड्ड्यांवर माती टाकणाऱ्यांचे आणि चिपळूणात गटारे मोकळी करणाऱ्यांचे काम एकाच जातीचे. त्याला टाळ्या मिळत नाहीत आणि ते टाळताही येत नाही.

या प्रत्येक संकटात एक उणीवही दिसली. महामार्गालगतच्या गावांत बिस्किटांचे पुडे आणि कपड्यांचे गठ्ठे साचतात आणि आतल्या वाडीत ताडपत्री पोहोचत नाही. एकाच घराला तीनदा शिधा मिळतो आणि डोंगरावरच्या घराला एकदाही नाही. मदत करणाऱ्यांच्या मनात खोट नसते. वाडीवार यादी हातात नसते, एवढेच. देवधर आणि ठक्करबाप्पा गावात शिरल्यावर आधी यादी का करत, याचे कारण इथे सापडते.

दुसरी गोष्ट कारणांवर काम करण्याची. चिपळूणकरांनी पुरानंतर नुसती भरपाई मागून थांबायचे नाही असे ठरवले. चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये नद्यांतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले. पुढच्या वर्षी सरकारी यंत्रणेबरोबर नाम फाउंडेशनच्या सहभागाने वाशिष्ठी आणि शिव नद्यांतून गाळ काढण्याचे मोठे काम झाले. पंचमहालच्या दुष्काळातून दाहोदचे मंडळ उभे राहिले, त्याच वळणाचे हे पाऊल आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीतही आज परिस्थिती बरी आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेतून देशातल्या ३५० आपत्तीप्रवण जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. शोध, बचाव, प्रथमोपचार, पुरात वापरायची साधने यांचे शिक्षण त्यात मिळते. गोखल्यांच्या पाच वर्षांच्या उमेदवारीपुढे हे शिक्षण थोड्या दिवसांचे, पण दिशा तीच.

या कामांची नोंदही राहायला हवी. मंडळांच्या स्मरणिकांत देणगीदारांची यादी छापतात, पदाधिकाऱ्यांचे फोटो येतात, मान्यवरांचे संदेश येतात. त्यांच्या शेजारी एक पान स्वयंसेवकांच्या नावांना द्यावे. तिवऱ्याला रात्री कोण गेले, पोसऱ्याला दरडीवर कोण उभे होते, चिपळूणच्या छावणीत भात कोणी शिजवला, ही नावे सांगणारी माणसे आज गावात आहेत. आणखी वीस वर्षांनी ती नसतील.

प्रत्येक मंडळाने, ग्रामपंचायतीने आणि शाळेने येत्या मे महिन्याच्या आत तीन गोष्टी कराव्यात. आपल्या गावातल्या स्वयंसेवकांची नावे, त्यांना काय येते आणि त्यांच्याकडे काय आहे हे वहीत लिहावे: कोणाला पोहता येते, कोणाची होडी आहे, कोण नर्स आहे, कोणाकडे जनरेटर आहे. वाडीवार घरांची यादी करावी आणि तिच्यात अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर स्त्रिया, एकटे राहणारे वृद्ध यांची वेगळी खूण ठेवावी. आणि मागच्या आपत्तीत आलेल्या मदतीचा, खर्चाचा हिशेब गावच्या फळ्यावर लावावा. ९ मे ही गोखल्यांची जयंती. पावसाळ्याला तेव्हा जेमतेम महिना उरलेला असतो. ही तिन्ही कामे पुरी करून यादीची एक प्रत तहसील कार्यालयात देण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याने तोच दिवस ठरवून घ्यावा.